खांबावरचा चष्मा

लाईनमनकडे किस्से साठतात, याचं कारण अगदी साधं आहे. पावसात लाईट गेली की सगळे घरात बसतात आणि आम्ही बाहेर पडतो. लाईट आली की सगळे आपापल्या टीव्हीपुढे जातात आणि आम्ही सबस्टेशनवर येऊन कपडे वाळत घालतो. कपडे वाळेपर्यंत दुसरं काही करायला नसतं, म्हणून बोलत बसतो. एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू करतो. मागच्या पावसाळ्यात हातभर असलेला साप या पावसाळ्यात दोन हात होतो, आणि कोणी हटकत नाही.

माझ्या सगळ्या किश्श्यांत एक चष्मा असतो. शाळेपासून नाकावर आहे. नंबर असा, की चष्मा काढला तर समोरचा माणूस शर्टावरून ओळखावा लागतो. "तू खुर्चीवरची नोकरी पाहा," असं आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि तुमसरच्या पुढे धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे शेतांमधून, जी लाईन गेली आहे तिच्यावर खांब चढायला लागलो.

उन्हाळ्यात काही त्रास नाही. थंडीतही निभतं. पण रोवण्याचे दिवस आले, म्हणजे बाया धान लावायला चिखलात उतरल्या, की माझे हाल सुरू होतात. बाहेर गार पाऊस, रेनकोटच्या आत घाम, डोक्यावर हेल्मेट. खांबाच्या मध्यावर पोचेपर्यंत दोन्ही काचा पांढऱ्या होतात. आणि वर अकरा हजार व्होल्टच्या तारा. लोकांना वाटतं आम्हाला करंटची सवय झाली, आता भीती वाटत नसेल. रोज वाटते. मला तर स्वतःच्या श्वासाचीही वाटते, कारण काचेवर वाफ त्याचीच धरते.

आमची टोळी लहान आहे. वसंताभाऊ सगळ्यात जुना. त्याला चष्मा नाही, झाडावरचा सरडा त्याला रस्त्यावरून दिसतो, पण गुडघे गेले म्हणून तो खाली उभा राहतो आणि मी वर चढतो. पटलेजी सबस्टेशनचे ऑपरेटर. लाईन चालू-बंद करणं त्यांच्या हातात. चढायच्या आधी वसंताभाऊ त्यांना फोन करतो, ते लाईन बंद करतात. याला परमिट म्हणतात. काम झालं, सगळे खाली उतरले, की त्यांना 'क्लियर' सांगायचं. मग ते लाईन चालू करतात. आमचा सगळा जीव त्या फोनवर असतो.

पटलेजींचा चष्मा माझ्याहून जाड. त्यांना काळ्या चहाचं वेड आहे. ग्लास तोंडाशी नेला की दोन्ही काचा पांढऱ्या होतात, पण ते पुसत नाहीत. ग्लास हातात धरून, समोर बघत, वाफ जायची वाट पाहतात. मी एकदा विचारलं, "पटलेजी, पुसत काहून नाई?"

"आपोआप जाते ना," ते म्हणाले. "माह्या खुर्चीले कोठी करंट आहे?"

*

वेलाचा किस्सा आधी सांगतो.

एका बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठावरचा खांब. फ्यूज उडाला होता. परमिट घेतलं आणि मी चढलो. वर पोचलो तोवर चष्म्यातून उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच कळत होतं. आडव्या लोखंडी अँगलवर काहीतरी काळपट गुंडाळलेलं दिसलं. पावसाळ्यात वेल खांबावर चढतात, ओला वेल तारेला टेकला की फ्यूज जातो. कारण सापडलं म्हणून मला बरं वाटलं. हात घातला आणि ओढला. जरा जड लागला. पावसाने भिजला असेल म्हटलं, आणि दिला खाली टाकून.

खालून काहीच आवाज आला नाही. मी विचारलं, "पडला का?"

"पडला," वसंताभाऊ अगदी हळू म्हणाला. "पन तुहा वेल चालून राहिला ना बे."

धामण होती. बिनविषारी. बांधीत शिरून निघून गेली. पण हे मला खाली आल्यावर कळलं. वर असताना एवढंच कळलं की मी धरलं होतं ते चालणारं आहे, आणि अँगलवर आणखी एखादं आहे की नाही हे मला दिसत नाही. मी खांबाला मिठी मारून राहिलो. पाय कुठे ठेवायचा ते वसंताभाऊने खालून सांगितलं, तेव्हा उतरलो. त्या दिवशी घरी मी चमच्याने जेवलो. त्या हाताने घास घ्यायची हिंमत झाली नाही.

*

साप प्रकरण सगळ्या गावात पसरलं, आणि जो भेटेल तो वाफेवर उपाय सांगायला लागला. टूथपेस्ट लावून बघितली. काचेवरचं कोटिंग निघून गेलं आणि प्रत्येक दिव्याभोवती मला खळं दिसायला लागलं. थुंकी लावून बघितली, ती चढेपर्यंतही टिकली नाही. वसंताभाऊचं म्हणणं, श्वासच वरती सोडू नये. म्हणून तारेजवळ काम करताना मी श्वास धरून ठेवला, आणि गरगरायला लागलं. "चष्म्यापायी जीव सोडतं का बे?" असं तोच वर मला म्हणाला.

मग कोणीतरी बटाटा सांगितला. कच्चा बटाटा कापायचा, काचेवर घासायचा, वाळू द्यायचा. मी सकाळी घासला. खरं सांगतो, वाफ अर्धी झाली. मी खूश. पाऊस रिमझिम होता, मी खांबाच्या टोकावर, कमरेचा पट्टा खांबाला बांधलेला, दोन्ही हात कामात. आणि समोर पाहतो तर तारेवरून काहीतरी काळं चालत माझ्याकडे येतंय. माकड म्हणावं तर माकडाहून मोठं. त्याला पाय होते. थांबत होतं, पुन्हा येत होतं. आवाज मात्र काहीच नाही.

माझे हात सुटले. पट्टा होता म्हणून वाचलो. पाठ खांबापासून लांब, पाय अँगलला, असा लोंबकळत मी ओरडत होतो, "वसंताभाऊ, तारेवर पाह्य, तारेवर!"

वसंताभाऊने तारेकडे पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. तारेवर काही नव्हतं. त्याने मला चष्मा काढायला लावला. उजव्या काचेवर एक मुंगळा होता, बटाट्यावर आलेला.

"भाजी तं झाली," वसंताभाऊ म्हणाला. "उद्या पोळी घेऊन चढ."

आज हसतो. पण त्या रात्री झोपेत मी मंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हात असा गच्च धरला होता की सकाळी तिने बांगडी फुटलेली दाखवली.

*

या मुंगळ्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडली. मी वर असताना मध्येच थांबलो की वसंताभाऊ खालून विचारणार, "क्लियर का बे?" मग मी चष्मा काढून पुसायचा, घालायचा, सगळीकडे एकदा नीट बघायचं, आणि ओरडायचं, "क्लियर!" त्यानंतरच हात किंवा पाय हलवायचा. साधी गोष्ट, पण मला फार धीर यायचा. आपल्याला दिसत नसलं तरी आपल्याकडे कोणी तरी बघतंय, एवढं कळलं तरी पाय थरथरायचे थांबतात.

बांध्यांमध्ये रोवणा करणाऱ्या बायांना हे फार आवडलं. त्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता आणि नकोही होता. मी वरून "क्लियर!" म्हटलं, की चिखलातली सगळी ओळ कमरेतून वाकलेलीच राहून एका सुरात ओरडायची, "क्लियर!" आणि हसायची. पुढे पुढे मी रस्त्याने चाललो तरी एखादी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, विचारायची, "काय जी चष्मेवाले, क्लियर का?"

घरीही तेच झालं. मी भाताच्या कुकरजवळ वाकलो की मंदा विचारणार, "क्लियर का?" मी म्हणायचं, "क्लियर." मग ताट यायचं.

*

मंदाने माझा चष्मा ताब्यात कसा घेतला, तो किस्सा वरठीचा.

ती माहेराहून रेल्वेने येणार होती आणि मी मोटरसायकलवर तिला घ्यायला वरठी स्टेशनला गेलो. तिला घेऊन निघालो आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. हेल्मेटची काच आतून धुकटली, तिच्या आत चष्मा धुकटला. हेल्मेटची काच वर केली तर पाऊस डोळ्यांत. खाली केली तर आंधळी कोशिंबीर. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा काचभर पसरायचा आणि ट्रक डावीकडून जाणार की उजवीकडून, हे तो गेल्यावरच कळायचं. मंदा मागून सांगत होती, "डावीकडे घ्या. आनखी डावीकडे. आता खड्डा." मध्येच तिचं बोलणं बंद झालं. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "डोळे मिटले मी."

मग मला एक लाल दिवा दिसला. पुढच्या गाडीचा. मी ठरवलं, हा दिवा सोडायचा नाही. तो हळू झाला की मी हळू, तो वळला की मी वळलो. बऱ्याच वेळाने तो थांबला. मीही थांबलो. खाली काहीतरी लोखंडी हललं.

शेजारी एक खिडकी उघडली, आतून एका मुनीमजींनी छत्री बाहेर काढली आणि विचारलं, "कोनता धान आनला जी?"

आम्ही तुमसरच्या एका राईस मिलच्या वजनकाट्यावर उभे होतो. पुढे धानाचा ट्रक होता.

मागून मंदा म्हणाली, "जाडा आहे."

मुनीमजी हसले, आम्हीही हसलो, त्यांनी शेडमध्ये थांबवून चहा पाजला. पण घरी शर्ट काढला तेव्हा दोन्ही खांद्यांवर मंदाच्या नखांचे वळ होते. ते तिनेही पाहिले. दुसऱ्या दिवसापासून चष्मा तिच्याकडे. भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब ती बोटावर घेते, काचेला दोन्ही बाजूंनी लावते, पाण्याने धुवत नाही, सुती कापडाने हलकेच पुसते, काच चमकेपर्यंत. एवढंच. सगळ्या उपायांत हाच एक टिकला. मुसळधार पाऊस असेल तर तोही धुऊन जातो, म्हणून माझ्या कॉलरच्या आत ती एक कोरडा रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिन लावून देते.

*

एका पावसाळ्यात पूर आला, तेव्हा आम्हाला गोसीखुर्द धरणाकडे मदतीला पाठवलं. वैनगंगेच्या फुगलेल्या पाण्यापलीकडे एक खांब कलला होता, तिथे डोंग्यातून, म्हणजे लहान नावेतून, जायचं होतं. डोंगा चालवणारे एक म्हातारे मासेमार होते. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. मला पोहता येत नाही. वसंताभाऊला येतं, पण त्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं की तो फक्त स्वतःपुरतं पोहतो.

पाऊस सुरू होता. पाण्यावरून धुकं उठत होतं आणि चष्म्यावर माझं धुकं वेगळं. मध्यावर आलो आणि मला माणसं दिसली. पाण्यात उभी, कमरेपर्यंत. एका ओळीत. हलत नव्हती, हाक मारत नव्हती. मी वसंताभाऊच्या दंडाला धरलं.

"माणसं आहेत," मी म्हटलं.

वसंताभाऊने पाहिलं, पण तो नेहमीसारखा हसला नाही. मी चष्मा पुसला. ते विजेचे खांब होते. तारा काढून नेलेल्या, नुसते खांब, धरणाच्या पाण्यातून वर आलेले.

बाबाजींनी वल्हं थांबवलं. एका खांबाला हात लावला आणि म्हणाले, "हा माह्या घरापुढचा. याच्यावर बल्ब होता."

डोंगा थोडा वेळ तिथेच थांबला. मग त्यांनी वल्हं मारलं आणि आमच्या युनिफॉर्मकडे बघून विचारलं, "तुम्ही लाईटवालेच ना? मंग आमच्या गावची लाईट कधी येईल जी?"

थट्टा करत होते की काय, हे मला त्यांच्या तोंडावरून समजलं नाही. काचा पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि खरं सांगतो, मी त्या पुसल्या नाहीत.

*

आमच्या इंजिनिअर मॅडम नव्याने आल्या तेव्हा त्यांनाही चष्मा होता. माझे सगळे किस्से त्यांनी ऐकले आणि ऑनलाईन एक छोटी बाटली मागवून दिली. वाफ न धरणारं औषध. दोन थेंब लावायचे, पुसायचं, झालं. मंदाच्या साबणाला न सांगता मी ते लावलं आणि चढलो. मॅडम स्वतः खाली उभ्या होत्या.

मी वर पोचलो. पाऊस चालू होता, काचा स्वच्छ. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला पावसात खांबाच्या टोकावरून सगळं दिसलं. चिनीमातीच्या इन्सुलेटरला गेलेला तडा दिसला. अँगलचा गंजलेला बोल्ट दिसला. मी ज्या पट्ट्यावर जीव टाकून उभा होतो त्याची उसवत आलेली शिवण दिसली. खाली पाहिलं. वसंताभाऊ केवढासा दिसत होता. एवढ्या उंचावर मी रोज काय करतो, असं मनात आलं.

मी उतरायला लागलो. मॅडमनी खालून विचारलं, "काय झालं? दिसत नाही का?"

"दिसून राहिलं ना मॅडम," मी म्हटलं. "म्हनूनच तं उतरून राहिलो."

मॅडमनी नवा पट्टा लगेच मागवला, तो आला, मग चढलो. औषधाची बाटली मी वसंताभाऊला दिली. तो ती गाडीच्या आरशाला लावतो.

*

आता शेवटचा. हा आम्ही सबस्टेशनवर कपडे वाळत घालताना सांगत नाही. कोणी नवा माणूस आला आणि त्याने विचारलं तर सांगतो.

दुपारची वेळ होती. पावसासोबत वारा सुटला आणि मोहाच्या झाडाची फांदी लाईनीवर पडून तार तुटली. तिकडे दुसऱ्या एका फीडरवरही झाड पडलं होतं. म्हणजे त्या दिवशी दोन लाईनी बंद, दोन्हीकडे काम चालू, आणि राईस मिलवाल्यांचे पटलेजींना फोनवर फोन. लाईट कधी येते, लाईट कधी येते. पटलेजी सगळ्यांना शांतपणे सांगत होते, येते, येते.

आम्ही परमिट घेतलं. आमच्याकडे एक डिस्चार्ज रॉड असतो. काम सुरू करायच्या आधी तो तारेला अडकवून तार जमिनीला जोडून ठेवायची. तो लागलेला असेपर्यंत कोणी चुकून लाईन चालू केली तरी करंट जमिनीत जातो, वरचा माणूस वाचतो. मी रॉड लावला, तार जोडली, ताणली, बांधली. सगळं व्यवस्थित झालं. काम संपलं म्हणून रॉड काढून खाली सोडला. आता फक्त उतरायचं होतं.

पाऊस एवढा होता की मंदाचा साबण केव्हाच धुऊन गेला होता. पाय खाली टाकायला वाकलो आणि काचा पांढऱ्या झाल्या. ओल्या खांबावर पाय चाचपडण्यापेक्षा मी थांबलो. उजवा हात अँगलवरून टाकलेला, पट्टा बांधलेला, आणि खांद्याजवळ, गालाला गार लागेल इतक्या जवळ, नुकतीच जोडलेली तार.

खाली वसंताभाऊचा फोन वाजला. पटलेजी होते. पाऊस कानात जातो म्हणून वसंताभाऊने स्पीकर लावला आणि माझं नाव घेऊन म्हणाला, "झालं जी. गजू उतरूनच राहिला." आणि बोलता बोलता त्याने वर पाहिलं. मी थांबलेला दिसलो. त्याने नेहमीसारखं विचारलं, "क्लियर का बे?"

मी कॉलरमधून रुमाल काढला. चष्मा पुसला, घातला. सगळीकडे पाहिलं. खालची पायरी दिसली, वसंताभाऊ दिसला. मी ओरडलो, "क्लियर!"

आणि बाजूच्या बांधीतून सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या, "क्लियर!"

फोनमधून पटलेजींचा आवाज आला, तो मलाही ऐकू आला. "ठीक आहे. लाईन देऊन राहिलो." आणि फोन बंद झाला.

वसंताभाऊचं तोंड मी वरून पाहिलं. चष्मा अगदी स्वच्छ होता, म्हणून सगळं दिसलं. त्याने फोन लावला. "आपण ज्यांना कॉल करत आहात ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत." त्याने परत लावला. पुन्हा तेच. मग तो वर बघून ओरडला, "गजू, हात काढ! तारेपासून हात काढ!"

मी हात काढला, पण जाणार कुठे? पट्ट्याचा हुक पाण्याने निसरडा झालेला, बोटं त्यावरून घसरत होती. पट्टा सोडल्याशिवाय उतरता येत नाही, आणि घाईत सोडला तर सरळ खाली. मी खांबाला कपाळ टेकवलं. तार डाव्या बाजूला होती एवढं आठवतं. तिच्याकडे मी पाहिलं नाही. पाहिलं की येईल, असं काहीतरी मनात होतं. मंदा रोज सकाळी काच पुसते तेव्हा तिच्या अंगठ्याला साबण लागलेला असतो, तो अंगठा दिसला. बाया हसायच्या थांबल्या होत्या. त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण वसंताभाऊ चिखलात गुडघ्यावर बसलेला त्यांनी पाहिला होता. दुखरे गुडघे घेऊन तो तसाच बसून फोन लावत होता, परत लावत होता.

हुक निघाला. एक पाय खाली गेला. दुसरा गेला. कान सगळे वर, तारेकडे. लाईन येते तेव्हा पावसात एक बारीक चरचर होते. मी त्या आवाजाची वाट बघत उतरत होतो.

मी अर्ध्यावर असताना फोन लागला. वसंताभाऊ नुसतं "पटलेजी, पटलेजी" करत राहिला. स्पीकर चालूच होता. पटलेजी तिकडून वैतागून म्हणाले, "थांब ना जी जरा. आत्ताच चहा ओतला, वाफ तं जाऊ दे. दोन लाईनींचे हँडल खाली आहेत, तुमचं कोनतं ते नाव दिसून नाई राहिलं."

वसंताभाऊ रडला. मी त्याला पंधरा वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. मी खाली उतरलो, त्याच्या शेजारी चिखलात बसलो, आणि फोन माझ्या हातात घेऊन मीच पटलेजींना सांगितलं, "पटलेजी, मी वर होतो." तिकडून मग ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मॅडम आल्या. चष्मा पुसल्यावर यापुढे 'क्लियर' म्हणायचं नाही, 'दिसलं' म्हणायचं, असं ठरलं. वरचा उतरल्यावर खालच्या माणसाने त्याला हाताने शिवल्याशिवाय फोनवर क्लियर सांगायचं नाही, असंही ठरलं. बायांना वसंताभाऊ स्वतः जाऊन सांगून आला. त्या आता ओरडत नाहीत.

मंदाने साबणाची एक छोटी बाटली सबस्टेशनवरही ठेवायला दिली होती. दुसऱ्या दिवशी मी नळाजवळ उभा राहून चष्म्याला थेंब लावत होतो, तर पटलेजी मागे येऊन उभे राहिले. रात्रभर झोपले नसावेत. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला.

"माह्याही काचांले लावून दे जी," ते म्हणाले. "मले आता धाक बसला."

मी त्यांचा चष्मा घेतला. त्यांच्याकडे पाठ केली. शर्टाच्या टोकाने काचांवरची धूळ तेवढी पुसली, बाटलीला हात लावला नाही, आणि चष्मा त्यांना परत दिला.

त्यांनी तो घातला, खुर्चीवर जाऊन बसले, थर्मासमधून चहा ओतला आणि ग्लास तोंडाशी नेला. दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. वसंताभाऊने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही दारात उभे राहून, ती वाफ जाईपर्यंत पटलेजींकडे बघत राहिलो.